पांढरी सहा

ती एकोणीसशे ब्याण्णव सालची गोष्ट. साल पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी गालिच्यांच्या दुकानाखालचं तळघर त्यांच्या बँडला सरावाला मिळालं होतं. त्याच वर्षी पिंपाने दाढी ठेवली होती आणि ती त्याला अजिबात शोभत नव्हती. आणि त्याच वर्षी एका सकाळी, रेकॉर्डिंगच्या खोलीत, चहा अजून पोटात गरम असताना, एका परक्या बाईने पियानोच्या एका पट्टीवर बोट ठेवलं आणि धाकटीच्या आत काहीतरी लचकलं. मान लचकते तसं. दुखत नाही, पण आपण आता सरळ बघत नाही आहोत एवढं कळतं.

बाईने पट्टी दाबली, थांबली, पुन्हा दाबली. धाकटीच्या दादाने गिटारच्या तारांवर तळवा ठेवला. दुसऱ्या गिटारवरच्या मास्तरांनीही हात आवरला. पिंपाच्या ड्रमचा एक फटका शिल्लक होता, तो त्याने मारून घेतला, जेवणाऱ्याने शेवटचा घास संपवावा तसा. खोलीच्या भिंतींना राखाडी स्पंज लावलेला होता, त्यात तो फटका मुरून गेला. काचेपलीकडे बसलेल्या रेकॉर्डिस्टने मान वर केली. "एकेक तार वाजवा बरं," बाई तिच्या भाषेत म्हणाली, अगदी मऊपणे, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी. एकेकाने वाजवली. तारा जुळत होत्या. दादाची मास्तरांशी जुळत होती, मास्तरांची धाकटीच्या बेस गिटारशी जुळत होती. फक्त पियानोशी एकही जुळत नव्हती. रेकॉर्डिस्ट बाहेर आला, कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही वर आहात. थोडेसेच. पण सगळे, आणि सारखेच." त्याला हसू आवरत नव्हतं. "एखादा चुकतो, दोघं चुकतात. सगळे मिळून इतकं नेमकं कसं चुकता तुम्ही?"

"मी नाही बरं का," पिंप मराठीत म्हणाला. "ड्रमला सूर नसतो. मी जन्मतःच निर्दोष आहे."

दादा हसला, मास्तर हसले. धाकटी हसली नाही. तिला कळलं होतं. इतर अजून अ‍ॅम्प्लिफायरकडे, वायरींकडे, पियानोकडे संशयाने बघत होते आणि तिला ते इतकं लख्ख कळलं होतं की कुणी विचारू नये म्हणून ती खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी सुटलेली नव्हती.

आईची पेटी. धाकटीच्या जन्माच्या आधीपासून ती पुढच्या खोलीत खिडकीखाली होती, आणि शेजारपाजारच्या मुली संध्याकाळी तिच्यासमोर मांडी घालून गाणं शिकायला बसायच्या. डावीकडची एक काळी पट्टी दाबली की खालीच राहायची, ती नखाने उचलावी लागे. भात्याचं चामडं एका कोपऱ्यात फाटलं होतं, तिथे आईने दादाच्या जुन्या बुटाचं कातडं चिकटवलं होतं, त्यामुळे प्रत्येक सुराच्या आधी पेटी हलकेच सुस्कारा टाकायची. पेटी दुरुस्त करणारा म्हातारा वारला, त्यानंतर तिला कुणी हात लावला नाही. वर्षानुवर्षं एका घरात राहिलं की माणसं जशी थोडी एका अंगाला कलतात आणि घरच्यांना ते दिसत नाही, तशी ती पेटी सुरात थोडी वर गेली होती. दादा गिटार शिकला तो त्या पेटीवर. मास्तर तेव्हा शेजारच्या आळीत मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेत. ते गिटार घेऊन यायचे, तेही त्याच पेटीवर तार लावायचे. पिंप यायचा तो आईच्या हातचा चहा प्यायला, आणि ताटावर, स्टुलावर, मिळेल त्यावर ठेका धरायला. मग दादा शिकायला परदेशी गेला, शिक्षण अर्धवट टाकलं, आणि एकामागून एक तिघांनाही बोलावून घेतलं. "गिटार वाजवायला इतक्या लांब?" मामा म्हणाले होते. "तिथे काय गिटारी वाजवणारे कमी पडलेत?" आईने फक्त विचारलं होतं, "मग सूर कुठून घेणार तुम्ही?"

आणि म्हणून तो रविवारचा फोन. कल्पना धाकटीचीच. खरं तर गंमत म्हणून सुरू झालेली. दर रविवारी तिच्याकडे दुपार असताना आणि आईकडे दिवेलागणीला ती फोन लावायची. तब्येत, पाणी, शेजारच्या काकूंचं गुडघ्याचं दुखणं, कुणाचं लग्न कुणाशी मोडलं, असं सगळं होऊन झालं की आई म्हणायची, "थांब हं." मग स्टूल सरकवल्याचा आवाज. पेटी फोनजवळच्या टेबलावर आणून ठेवलेली असायची. पहिल्या काही महिन्यांत ती उचलून आणायची, मग परत न्यायचंच सोडून दिलं. मग भात्याचा सुस्कारा. आणि मग पांढरी सहा, सहाव्या पांढऱ्या पट्टीचा सूर. लांब, सरळ, समुद्रांच्या तळाशी पडलेल्या वायरीतून आलेली, कडेला जराशी खरखरणारी पांढरी सहा. धाकटी रिसिव्हर कान आणि खांद्याच्या मधे धरून बेसची तार छेडायची आणि खुंटी पिळायची. दोन सूर जवळ आले पण एक झाले नाहीत की त्यांच्यात लाट उठते. आधी घाईघाईची, मग सावकाश, मग आणखी सावकाश, दमून झोपणाऱ्या मुलाच्या श्वासासारखी. आणि मग ती विरते. लाट विरली की पलीकडून आई म्हणायची, "हं. बसला." एवढंच. मग फोन बंद. त्या तारेवरून मग दादा आपली गिटार लावायचा, दादावरून मास्तर, आणि आठवडाभर तो सूर तळघरात, विद्यार्थ्यांच्या हॉलमध्ये, दारूच्या दुकानांच्या मागच्या खोल्यांत, जिथे जिथे त्यांना वाजवायला बोलावलं जाई तिथे तिथे त्यांच्याबरोबर फिरायचा. पहिली कॅसेट त्यांनी एका रिकाम्या वर्गात स्वतःच टेप केली होती, कार्यक्रमानंतर सुटकेस उघडून विकायचे. ती सगळी त्याच सुरात होती. मराठी गाणी. ऐकणाऱ्यांना शब्द कळत नव्हते. कुणीतरी छोट्या वर्तमानपत्रात लिहिलं होतं की या लोकांच्या वाजवण्यात एक चमकदार, अस्वस्थ असं काहीतरी आहे, ते नेमकं काय हे सांगता येत नाही. दादाने ते कात्रण पाकिटात ठेवलं होतं.

"इतकी वर्षं कसं जमलं तुम्हाला?" बाईने नाडी बांधणाऱ्या धाकटीला विचारलं. ती कधीची स्टुलावरून उठून जवळ आली होती. हात तिच्या खांद्यावर. "म्हणजे दुसऱ्या कुणाबरोबर वाजवताना कधी लक्षात नाही आलं?"

आणि हे, हेच खरं लचकणं होतं. धाकटी आठवू लागली. दुसरं कुणी. एखादा पाहुणा, एखादा सॅक्सोफोनवाला, कार्यक्रम संपल्यावर सहज स्टेजवर चढलेला कुणी उत्साही प्राणी. इतर बँडची माणसं एकमेकांत मिसळायची, एकाचा माणूस दुसऱ्यात वाजवायचा, हे तिने पाहिलं होतं. स्टेजच्या बाजूला, कोट हातात घेऊन. त्यांच्यात कुणी आलं नव्हतं. त्यांनीही कुणाला बोलावलं नव्हतं. लोक टाळ्या वाजवायचे, कॅसेट घ्यायचे, दादाच्या पाठीवर थाप मारायचे आणि निघून जायचे. घरी कुणी या म्हणालं नव्हतं असं नाही; पण कुणी वाद्य काढून, चला, मीही वाजवतो, असं म्हणालं नव्हतं. कुणी म्हणालं असतं तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं. म्हणजे इतक्या वर्षांत त्या देशात त्यांना हात लावणारी ही पहिली बाई होती, आणि तिने हात लावल्याबरोबर ते बेसूर निघाले होते.

पियानो हलत नाही. बाईने हे असं सांगितलं की जणू तिलाच त्याचं वाईट वाटत होतं. जुळवणारा दुसऱ्या गावाहून येतो, आणि कंपनीच्या माणसाला ते गाणं पियानोसकटच हवं होतं. पियानोसाठीच तर त्याने होकार दिला होता. खरं रेकॉर्ड, खरी कंपनी, लहान का होईना. उरलेली गाणीही त्याच सुरात पुन्हा वाजवायला लागतील, नाहीतर एका रेकॉर्डवर दोन सूर होतील. "उद्या या," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "तारा उतरवून या."

घरी जाताना दादाच्या व्हॅनमध्ये, जिच्यात आठवडाभर तो दुकानांना फुलं पोचवायचा आणि जिला कायम ओल्या देठांचा वास यायचा, धाकटी मागे ड्रमच्या खोक्यावर बसली आणि म्हणाली, "मी नाही उतरवणार."

"काय नाही उतरवणार?"

"तार."

दादाने आरशातून पाहिलं. "वेडी आहेस का? एवढंसं तर आहे. खुंटीचा पाव फेरासुद्धा नाही."

"एवढंसं आहे तर पियानो वर करा म्हणावं."

"पियानोला शंभरावर तारा असतात, ताई," मास्तर म्हणाले. वयाने ते मोठे, पण तिला ताईच म्हणायचे. "आपल्या मोजून सोळा. व्यवहार बघितला तर आपण उतरणं सोपं."

"तुम्ही गणितं घालू नका हो."

"मग काय करू?" दादाचा आवाज चढला. "जाऊन सांगू कंपनीला, की आमच्या आईची पेटी वर आहे, म्हणून तुमच्या देशातले सगळे पियानो चुकीचे आहेत? किती वर्षं फुलं वाहायची मी? मास्तरांनी किती वर्षं खोकी उचलायची? तू किती वर्षं लोकांच्या चादरी धुणार आहेस?"

पिंप खिडकीच्या काचेवर बोटांनी ठेका धरून बसला होता. मग म्हणाला, "आईंना न सांगता उतरवू. त्यांना कुठे ऐकू जाणारे?" आणि धाकटीला वाटलं, सगळ्यात हुशार माणसाने सगळ्यात वाईट गोष्ट किती साध्या आवाजात सांगितली.

ती एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात काम करायची. वाफ, साबण, आणि भट्टीतून निघालेल्या चादरींचे गरम ढीग. चादरीची घडी घालायला दोघी लागतात. तिच्या जोडीला एक धिप्पाड बाई होती, तीही कुठूनशी लांबून आलेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, आणि मग एकमेकींकडे चालत जायचं, हातात हात येईपर्यंत. दिवसातून कित्येकदा त्या इतक्या जवळ यायच्या की एकमेकींचा श्वास लागावा, टोकं एकीच्या हातात द्यायच्या आणि मागे सरायच्या. घरी आईबरोबर गच्चीत चादरी घडी करायची तेव्हाही असंच. आई मुद्दाम जोरात झटकायची आणि धाकटीच्या हातून टोकं सुटायची, मग आई म्हणायची, "दुसऱ्या टोकाला कुणी आहे की नाही?" दादाने त्याचंच गाणं केलं होतं. तेच हे पियानोचं गाणं.

दुसऱ्या दिवशी तिने तार उतरवली. मनातून काही निर्णय झाला नव्हता. हात खुंटीवर गेला, दादाने जेवताना एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं ते आठवलं, आणि खुंटी फिरली. एवढीशी. बाईने पियानोवर बोट ठेवलं आणि लाट उठली, मंदावली, विरली. कुणी "हं, बसला" म्हणालं नाही. गाणं सुरू झालं. आणि आता पियानो आत आला, सहज, कुणाच्याही घरात चपला काढून आत यावं तसा, आणि गाण्यात एकदम जागा झाली, खोली झाली, काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने डोळे मिटले. सुंदर होतं ते. धाकटीला हे मान्य करणं भाग पडलं की ते सुंदर होतं. तिची बोटं योग्य जागी पडत होती आणि तिला वाटत होतं, आपण आपल्याच घरात आहोत पण कुणीतरी सगळं सामान बोटभर खाली नेऊन ठेवलंय. दिव्याच्या बटणाला हात जातो आणि भिंतच लागते. दादा गात होता. त्याला काहीही जाणवत नव्हतं. बाजूला बसलेल्या भावाला आपल्याच आईचा सूर गेल्याचं कळत नाही, ही गोष्ट तिला सुरापेक्षाही एकटं करून गेली. गाणं संपल्यावर बाईने तिचा हात दाबला. "आता कशी छान आलात," ती म्हणाली.

रविवारी धाकटीने नेहमीप्रमाणे फोन लावला. सांगायचं नाही हे ठरलं होतं. काकूंचे गुडघे झाले, पाणी झालं. "थांब हं," आई म्हणाली. स्टूल सरकलं. पेटीने सुस्कारा टाकला. पांढरी सहा आली आणि धाकटी रिसिव्हर कानाशी धरून नुसती बसली, बेस समोर भिंतीला टेकवून ठेवलेला. ऐकत राहिली. तो सूर आता कशाच्याही उपयोगाचा नव्हता, आणि म्हणूनच की काय, तिने तो पहिल्यांदा नुसता ऐकला. त्यात पुढची खोली होती, बुटाचं कातडं होतं. "बसला," ती स्वतःच म्हणाली. असे दोन-तीन रविवार गेले. मग एकदा सूर थांबल्यावर आईने फोन ठेवला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता.

"काय गं?"

"काही नाही," आई म्हणाली. "हल्ली तू तार लावत नाहीस."

"लावते की."

"मला ऐकू येते गं ती. म्हणजे यायची. खालून वर येत येत यायची. मी तुला कधी सांगितलं नाही. मान वाकडी करून फोन धरते, एका हाताने भाता, एका हाताने पट्टी. काकू म्हणतात, या वयात ही काय सर्कस. पण तुझी तार येते आहे, येते आहे असं वाटतं, आणि मग दोन्ही एक होतात ना, तेव्हा क्षणभर असं वाटतं की..." आई थांबली. "जाऊ दे. कामं असतात तुम्हाला."

म्हणजे दुसऱ्या टोकाला आई सूर देत नव्हती. वाट बघत होती. इतकी वर्षं धाकटीला वाटत होतं की ती आईकडून काहीतरी घेते आहे, आणि पलीकडे तशीच मान कलती करून, तसाच कान आणि खांदा चिमटून, आई घेत होती. त्यानंतर धाकटीने एक उद्योग सुरू केला, ज्याबद्दल ती कुणाशी बोलली नाही. रविवारी फोनच्या आधी बेस मांडीवर घ्यायची. आईची पांढरी सहा आली की तार खालून वर, वर, लाट मंदावेपर्यंत, विरेपर्यंत. "हं. बसला," आई म्हणायची, आणि तिच्या आवाजात पूर्वीचा तो टाका पुन्हा बसलेला असायचा. फोन ठेवला की धाकटी तार पुन्हा उतरवायची आणि तळघरात जायची. तिथे दादाने आता एक छोटं यंत्र आणलं होतं, हिरवा दिवा लागला की सूर बरोबर. रोज चढाव आणि रोज उतार नव्हता, आठवड्यातून एकदाच. पण तिला वाटायचं आपण दोन घरं चालवतो आहोत आणि दोन्हीकडे पाहुणे आहोत. खोलीत ती एकटी असायची, खाली रस्त्यावरून माणसं त्यांच्या भाषेत भांडत जायची, आणि ती त्या थोड्याशा उंचीवर दोन-चार मिनिटं राहून यायची, कुणी माळ्यावर जाऊन जुन्या कपड्यांच्या पेटीत तोंड खुपसून यावं तशी.

रेकॉर्ड निघालं. वाजलं. मोठमोठ्या हॉलमधून बोलावणी यायला लागली, आणि आता खरंच कुणी कुणी स्टेजवर चढून त्यांच्याबरोबर वाजवू लागलं. दादाला इतका आनंद झाला होता की तो आनंद कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं, आणि म्हणून त्याने, जो सहसा फोन करत नसे, एका मधल्या वारी आईला फोन केला. नंतर त्याने धाकटीला तो फोन हसत हसत सांगितला. "आईला म्हटलं, तुझ्या पेटीने काय गोंधळ घातला होता माहीत आहे का? सगळी गाणी पुन्हा वाजवायला लागली. सगळा बँड बेसूर! बिचारा पिंप तेवढा वाचला. हसलो आम्ही खूप."

"आई हसली?"

"म्हणजे, हो. हसली असेल. का?"

दादाच्या मनात काळं नव्हतं. त्याने आईला गंमत सांगितली होती. आईने काय ऐकलं असेल ते धाकटीला बसल्या जागी ऐकू आलं. पुढच्या रविवारी तिने भीत भीत फोन लावला. पण आईचा आवाज उलट खुशीत होता, चढलेला, एखाद्या मुलीने पाठीमागे काही लपवून यावं तसा. काकूंच्या गुडघ्यांचं नावसुद्धा निघालं नाही. "थांब हं," आई म्हणाली. धाकटीने बेस मांडीवर ओढला. आईसाठी म्हणून तिने आज तार आधीच वर चढवून ठेवली होती, जवळजवळ पोचेल इतकी. आईला फार वाट बघायला नको म्हणून. स्टूल सरकलं. भात्याचा सुस्कारा आला नाही. आणि सूर आला, स्वच्छ, खरखर नसलेला, आणि धाकटीने तार छेडली तशी लाट उठली. घाईची, उतावळी, दार वाजवत सुटल्यासारखी लाट. तिने खुंटी आणखी वर पिळली, सवयीने. लाट आणखी पिसाळली. मग तिला कळलं. तिचे हात थांबले.

"बसत का नाही गं?" आई पलीकडून म्हणाली. "आता तर बरोबर असायला हवा. मुद्दाम माणूस आणला मी. लांबून आला बिचारा. दोन दिवस पेटी उघडून बसला होता. आतल्या सुरांच्या सगळ्या पितळी पत्त्या मुळाशी घासून सूर खाली आणले त्याने, भाता नवा घातला. म्हटलं, मेलं माझ्या पेटीमुळे पोरांचं काम अडलं, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही." ती हसली. "आता जगात कुठेही लावा, जुळेल असं म्हणाला."

घासलेलं पितळ परत येत नाही. धाकटीने डोळे मिटले. खुंटी उलटी फिरवली, उतरत गेली, त्या हिरव्या दिव्याच्या सुरापर्यंत, तळघराच्या, पियानोच्या, सगळ्या जगाच्या सुरापर्यंत, आणि तिथे आई उभी होती. लाट मंदावली. विरली.

"हं," आई म्हणाली. "बसला. आता बरोबर आहे ना?"

"हो आई," धाकटी म्हणाली. "अगदी बरोबर आहे."

आई त्यानंतर पाचेक वर्षं होती. शेवटपर्यंत दर रविवारी तिने बरोबर सूर दिला, आणि धाकटीने तो घेतला. शेजारच्या काकू तिच्याही मागे बऱ्याच जगल्या, दुखऱ्या गुडघ्यांसकट. बँडची आणखी तीन रेकॉर्डं निघाली. मग कंपनी बुडाली आणि बँड भांडून नव्हे, तर कुणी कुणाला फोन न केल्यामुळे संपला. मास्तरांनी तिथल्याच एका शाळेत गणित शिकवलं, तिथलीच बायको केली, आणि निवृत्त झाल्यावर गिटार माळ्यावरून खाली काढली ती पुन्हा वर ठेवली. पिंपाने बेकरी काढली. पहाटे कणीक तिंबताना तो अजून ठेका धरतो असं म्हणतात. दाढी मात्र त्याने वेळीच काढली होती. पियानोवाली बाई म्हातारपणी एकदा हॉटेलच्या जिन्यात धाकटीला भेटली. तिने ओळखलं नाही, धाकटीने सांगितलंही नाही. दादाची गाणी अजून कुठे कुठे वाजतात. त्याने फुलांचं स्वतःचं दुकान थाटलं. आई गेल्यावर पेटी त्यानेच मागवून कस्टममधून सोडवून आणली आणि धाकटीच्या खोलीत आणून ठेवली. पेटी सुंदर आहे. सगळ्या पट्ट्या वर येतात.

पहिली कॅसेट धाकटीने एकदाच लावून पाहिली होती, ती यंत्रात गुंतली आणि तुटली. तरी तिला एक समाधान होतं, की तो जुना सूर कुठेतरी आहे. तिने नाही ऐकला तरी कुणाच्या तरी खणात, कुणाच्या तरी जुन्या गाडीत आहे. गेल्या वर्षी एका छोट्या कंपनीतल्या मुलीचा फोन आला. तिला त्या कॅसेटची मूळ टेप मिळाली होती, दादाच्या गोदामात, फुलांच्या कुंड्यांमागे. नव्याने काढायची होती. मोठ्या मायेने बोलत होती ती; तिच्या जन्माआधीची गाणी तिला पाठ होती. काम झाल्यावर तिने धाकटीला ऐकायला बोलावलं. गाणी वाजली. एवढ्या दिवसांनी दादाचा तरुण गळा, पिंपाचा शिल्लक राहिलेला एखादा फटका. आणि सगळं बोटभर खाली.

"मूळ टेप थोडी वेगाने चाललेली होती," मुलगी म्हणाली. "सगळंच जरा वर होतं. आम्ही ते नीट केलं. आता बरोबर आहे ना?"

तिच्या चेहऱ्यावर पाठीमागे काही लपवून आलेल्या मुलीचा भाव होता. तो चेहरा धाकटीने पूर्वी पाहिला नव्हता, फक्त ऐकला होता.

"हो गं," ती म्हणाली, आणि चुकून मराठीत म्हणाली. मग त्या मुलीच्या भाषेत पुन्हा म्हणाली.

धाकटीने आता साठी ओलांडली आहे. कुणी तिला धाकटी म्हणत नाही, म्हणणारा दादा तेवढा उरला आहे. रविवारी दुपारी ती बेस मांडीवर घेते, कशाला जोडत नाही, आणि तार पिळत जाते, पेटीच्या वर, हिरव्या दिव्याच्या वर, जुना सूर गुणगुणणारा घसा थांब म्हणेल तिथपर्यंत. घसाही आता म्हातारा झाला आहे. तो खरं सांगतो की खोटं हे कशावरून ताडून बघणार. मान डावीकडे कललेली असते, कान आणि खांद्याच्या मधे काही नसताना. तार वाजते, थरथरते, सरळ, एकटी. लाट उठत नाही. लाटेला दोन सूर लागतात. ती थोडं थांबते. मग मान सरळ करते, बेस भिंतीला टेकवते आणि दोरीवरची चादर काढायला जाते. एकटीने चादर घडी करायची तिची रीत आहे: दोन टोकं दोन हातांत घ्यायची, हात जातील तितके लांब पसरायचे, आणि मधली कड हनुवटीखाली घट्ट धरायची.